काठीची होळी आणि ब्राऊन बेल्ट

आमच्या कराटे क्लासचं गणित कुठल्याही जिमसारखंच. जानेवारीत पंचवीस जण, होळी येईपर्यंत जेमतेम नऊ. डेडलाइन, ट्रॅफिक, कुणाचं तरी लग्न... कारणांना काय तोटा! त्या नऊ जणांत सगळ्यात पक्का म्हणजे माझा ऑफिसातला एक मित्र. मूळचा अक्कलकुव्याकडचा, हिंजवडीत कोडिंग करणारा, चार वर्षांत क्वचितच दांडी मारलेला ब्राऊन बेल्ट. 2024 मध्ये त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा लागली 24 मार्चला, रविवारी. आणि हा पठ्ठ्या थंडपणे म्हणाला, ‘मला जमणार नाही. माझी पाळणी आहे.’

पुढची संधी थेट सहा महिन्यांनी! सर काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला. मला राहवेना. हा तर आठवडाभराची रजा टाकून आधीच गावी पोहोचला होता. शनिवारी रात्री मीही नंदुरबारची बस पकडली.

धुळ्यातून 1998 मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा आपल्याला बहुतेक वेळा फक्त बातम्यांत भेटतो. प्रत्यक्षात तळोदा, अक्कलकुवा मागे टाकून देवगोई घाट चढायला लागलात की मोबाइलची रेंज जाते आणि पळस सुरू होतो. जोडीला मोहाचा वास. मोलगीच्या बाजूला काठी हे छोटंसं गाव. कधीकाळी संस्थान होतं. इथली राजवाडी होळी 1246 पासून चालत आल्याचं सांगतात.

पाळणी म्हणजे होळीआधीचं व्रत. ज्याचा नवस असतो तो काही दिवस खाटेवर बसत-झोपत नाही, चपला घालत नाही, ब्रह्मचर्य पाळतो. मित्राचा नवस पाच वर्षांचा, त्यातलं हे तिसरं. मी भेटलो तेव्हा ओळखूच आला नाही. अंगभर राख, त्यावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू. म्हणजे बेल्ट इथंही होताच, फक्त त्याला रंग नव्हता!

‘चपला घातल्यास तर कुणाला कळणार?’ मी विचारलं.

‘मला,’ तो म्हणाला आणि हसला.

आता आमच्या क्लासचं बघा. सर फोन घ्यायला बाहेर गेले की पन्नास पुशअप्सचे पस्तीस होतात. कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट गिचिन फुनाकोशींनी 1924 मध्ये दिले. त्या पहिल्या पायरीचं नाव ‘शोदान’, म्हणजे सुरुवात. आपण मात्र तिला शेवट समजून फोटो टाकतो आणि क्लास सोडतो. असे तीन ब्लॅक बेल्ट आमच्याच ऑफिसात आहेत, तिघंही आता लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर जातात.

रात्र वाढली तशी डोंगरांतून माणसं उतरू लागली. कुणाच्या हातात तीरकामठा, कुणाच्या कुऱ्हाड, मधोमध प्रचंड ढोल. होळीच्या दांड्याचा खड्डा इथे हत्यार न लावता हातांनी खणतात. साठ-सत्तर फुटांचा बांबू त्यात उभा राहिला तेव्हा माझी मान अवघडली. मग नाच. किती वेळ? रात्रभर! क्लासमध्ये तीन मिनिटांच्या फाइटनंतर मी भिंत शोधतो. हा आठवडाभर जमिनीवर झोपलेला, अनवाणी फिरलेला माणूस भोपळे वाजवत घुमत होता आणि त्याचा ठेका कुठेही ढळत नव्हता. बघता बघता मला त्याची कुमितेतली चाल ओळखू आली. तीच वाकलेली गुडघ्यांची ठेवण, तोच जमिनीला धरून ठेवणारा पाय. आम्हाला वाटायचं, सरांनी शिकवलंय.

पहाटे होळी पेटली. धुळवडीच्या सुट्टीमुळे परतीची घाई नव्हती. मित्र तळपायातले काटे काढत बसला होता.

‘सप्टेंबरची परीक्षा नक्की कधी आहे रे?’ त्यानं विचारलं. मी तारीख सांगितली.

‘मग ठीक. तेव्हा फक्त रिलीज आहे.’