उलटे आटे

प्राध्यापकाच्या पेशांत एक मोठा धोका आहे. एका विषयावर तास तास बोलण्याची संवय लागली, कीं इतर सर्व विषयांवरही आपल्याला बोलतां येतें असा त्याचा समज होतो. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, कीं त्याच्या आप्तेष्टांचाही तसाच समज होतो. मुलीसाठीं कोणतें स्थळ पाहावें, जागा कोणत्या पेठेंत घ्यावी, आजोबांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, या सर्व बाबतींत माझा सल्ला घेण्यांत आलेला आहे आणि मीं तो दिलेलाही आहे. त्यानें कोणाचें किती नुकसान झालें याचा हिशेब मीं सोयिस्करपणें ठेवलेला नाहीं. अपवाद फक्त एका सल्ल्याचा. तो मोटारीविषयीं होता. आणि मोटारीला चार चाकें असतात यापलीकडे माझें त्या विषयांतलें ज्ञान फारसें गेलेलें नाहीं.

वाईस माझ्या मामांची एक डॉज किंग्जवे होती. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेंतील क्रायस्लरच्या मोटारी जुळविल्या जात. त्यांपैकींच ही एक. नांव डॉजचें, पण अंग प्लिमथचें. मामांकडे ती तिसऱ्या कीं चौथ्या धन्याकडून आली आणि वाई-महाबळेश्वर अशी भाड्यानें फिरूं लागली. पेट्रोल परवडेना तेव्हां मामांनीं तिचें मूळ इंजिन काढून डिझेलचें बसविलें. घाट उतरून ती गांवांत शिरली, कीं नुसत्या त्या घरघरीवरून मामी चुलीवर चहाचें आधण ठेवीत. दिवा फुटला तर दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा लावावा, दाराची मूठ मोडली तर लोहाराकडून घडवून घ्यावी, असा मामांचा खाक्या होता. गाडीचें मूळ रूप वगैरे शब्द त्यांच्या कानीं कधीं पडले नसतील. गाडी चालली पाहिजे आणि संध्याकाळीं घरीं आली पाहिजे, एवढेंच त्यांचें शास्त्र.

मी बारा वर्षांचा असतांना एकदां पसरणीच्या घाटांत तिचें डावीकडचें पुढचें चाक बसलें. मामांनीं पाना माझ्या हातीं दिला. मीं अंगांतलें सर्व बळ लावलें, पण बोल्ट तिळभरही हलेना. मामा कठड्यावर बसून पाहात होते. शेवटीं ते हंसून म्हणाले, "अरे, डावीकडचे आटे उलटे असतात. घट्ट करतोस असें समजून फिरव, म्हणजे सुटेल." आणि खरोखरच तो सुटला. चाक फिरतां फिरतां बोल्ट आपोआप सैल होऊं नयेत म्हणून क्रायस्लरनें ही युक्ति अनेक वर्षें ठेविली होती, हें कारण मला फार उशिरां कळलें. त्या दिवशीं मात्र मामा मला मोठे जादूगार वाटले.

१९९४ सालीं मामा वारले. मी नुकताच अधिव्याख्याता झालों होतों. मामेभाऊ माझ्याहून पांच वर्षांनीं लहान, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. गाडी ठेवावी असें त्याच्या मनांत होतें. कुटुंबांत शिकलेला मी म्हणून सल्ला मला विचारण्यांत आला, आणि मीं चांगलें अर्धा तास व्याख्यान दिलें. भावनेनें पत्र्याचा गंज थांबत नाहीं, हें त्यांतलें एक वाक्य मला अजून आठवतें, कारण त्या वेळीं तें मला फार आवडलें होतें. मामेभाऊ एवढेंच म्हणाला, "दादा, तुझें म्हणणें असेल तर तसें." भंगारवाल्यानें वजनावर सात हजार रुपये दिले. गाडी चालती होती. तेव्हां ती त्याच्या वखारीपर्यंत मामेभावानेंच चालवीत नेली, आणि तो घरीं पायीं परत आला. त्या दिवशीं तो जेवला नाहीं. आम्हीं उन्हाचें निमित्त केलें.

तीस वर्षें मामेभाऊ अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे सहा आठवडे राहिलों, तों त्यानें जुनी मोटार घेऊन ती स्वतः उभी करण्याचें मनांत घेतलें होतें. त्या मुलुखांत हें वेड नवें नव्हे. डेट्रॉइटहून पाँटिअॅककडे जाणाऱ्या वुडवर्ड रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टमध्यें अशा जुन्या गाड्यांची जत्राच भरते. "दादा, तूं बरोबर चल. कोणती घ्यावी तें सांग," असें तो म्हणाला, तेव्हां माझ्या पोटांत किंचित् गोळा उठला.

आम्हीं तीन गाड्या पाहिल्या. पहिली १९६४ ची शेव्हरोले इम्पाला, दोन दारांची. लांबी साडेसतरा फूट, आणि किंमत ऐकून तितकाच लांब सुस्कारा निघावा अशी. चार दारांची तीच गाडी पुष्कळ स्वस्त मिळते. कारण शौकिनांना दोन दारांचें रूप हवें असतें आणि चार दारें म्हणजे संसाराची खूण. आमच्याकडे लग्नाच्या बाजारांतही साधारण असाच न्याय चालतो. शिवाय तिच्या खालचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा; दोन्ही बाजूंना लोखंडाची तुळई नाहीं, म्हणून बाजूनें धडक बसली तर आधार थोडा. दुसरी १९६९ ची क्रायस्लर न्यूपोर्ट. ही जवळजवळ पावणेएकोणीस फूट, सव्वासहा लिटरचें इंजिन, आणि आंत शिरल्यावर वाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखें वाटावें इतकी ऐसपैस. मामेभावानें फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक तिच्या चाकांमागच्या पत्र्यावर फिरविलें. तें जागोजागीं निसटून पडूं लागलें. रंगाखालीं लोखंड नव्हतेंच. नुसती लांबी भरलेली होती. तिकडे हिवाळ्यांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें मीठ गाड्यांचीं हाडें खातें. "रंग पाहून गाडी घेऊं नये, तळ पाहून घ्यावी," असें म्हणून तो पुढें निघाला.

तिसरी १९५१ ची प्लिमथ क्रॅनब्रुक. चार दारें, उंच टप, गोल पाठ. सहा सिलिंडरांचें, सत्त्याण्णव अश्वशक्तीचें साधें इंजिन. टप उंच असण्याचीही एक कथा आहे. क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांचा कटाक्ष असे, कीं माणसाला डोक्यावरील टोपी न काढतां गाडींत बसतां आलें पाहिजे. पुढें लोकांना ठेंगण्या, लांबट गाड्या आवडूं लागल्या आणि प्लिमथ १९५४ सालीं विक्रींत तिसऱ्या क्रमांकावरून पांचव्यावर घसरली. मला मात्र मामांची काळी टोपी आठवली. ती त्यांना गाडींत बसतांना कधींच काढावी लागली नव्हती. मीं मामेभावाकडे पाहिलें. तो गाडीखालीं आडवा झाला होता. तळाचा पत्रा शाबूत असल्याचें त्यानें खालूनच ओरडून सांगितलें. सल्ल्याची वेळ आलीच नाहीं.

गाडी घरीं आल्यावर खरा वाद सुरू झाला: तिच्यांत बदल करावे कीं नाहींत? शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जन्मभर मोटारींच्या कारखान्यांत होते. त्यांच्या मतें जुनें इंजिन काढून शेव्हरोलेचें १९५५ पासूनचें आठ सिलिंडरांचें इंजिन घालावें. तें कोठेंही बसतें आणि त्याचे भाग कोठेंही मिळतात. मामेभाऊ म्हणाला, इंजिन बदललें कीं त्याचा जोर सोसणारी गिअरपेटी हवी, मग मागचा धुरा, मग ब्रेक, मग स्प्रिंगा. शेवटीं प्लिमथची म्हणून फक्त नांवाची पट्टी उरेल. याच्या उलट कांहीं शुद्धिवादी एक स्क्रूही बदलूं देत नाहींत. मला आमच्या रंगभूमीवरील जुना प्रश्न आठवला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचें आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' हें निष्ठावंत भाषांतर केलें. देवलांनीं ऑथेल्लोचा १८९० सालीं 'झुंझारराव' केला आणि त्याला मराठी पोशाख चढविला. एकांत मूळ सांभाळलें गेलें, दुसरें रंगभूमीवर चाललें. दोघांचीही वाट प्रामाणिकच होती.

मामेभावानें मधला मार्ग काढला. जेथें जिवाचा प्रश्न तेथें बदल. जेथें रूपाचा आणि स्वभावाचा प्रश्न तेथें नाहीं. जुन्या ब्रेकांत तेलाचा एकच मार्ग असतो, एके ठिकाणीं गळती झाली कीं चारही चाकांचे ब्रेक जातात; म्हणून त्यानें दोन स्वतंत्र मार्गांची रचना घेतली आणि पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक. सहा व्होल्टच्या जागीं बारा, म्हणजे रात्रीं दिवे नीट पडावे. बसणाऱ्यांसाठीं पट्टे. इंजिन तेंच, फक्त उघडून साफ केलेलें.

काम सुरू करण्याच्या दिवशीं ते शेजारी मदतीला आले होते. तरुण नातू त्यांच्याबरोबर होता. त्यानें लांब दांड्याचा पाना घेऊन डावें चाक सोडायला सुरुवात केली. बोल्ट हलेना. त्यानें पान्यावर पाय दिला. मी दाराशीं चहाचा पेला घेऊन उभा होतों, न राहवून म्हणालों, "थांब, तुटेल. उलटा फिरव." तो साशंक नजरेनें पाहूं लागला, पण त्यानें पाना फिरविला आणि बोल्ट सुटला. आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले, हें आपण विसरलोंच होतों. मग मोठ्या आदरानें त्यांनीं मला विचारलें, कीं आपण कोठें काम करीत होतां? मीं सांगितलें, "माझ्या मामांकडे."

मामेभाऊ कांहीं बोलला नाहीं. आंत जाऊन त्यानें टेबलाच्या खणांतून एक लहानशी वस्तु आणली. तेलानें माखलेला, कागदांत गुंडाळलेला एक बोल्ट होता. "वखारींत गाडी देण्यापूर्वीं डाव्या चाकाचा एक काढून घेतला होता," तो म्हणाला. प्लिमथच्या चाकाला पांच बोल्ट; जुन्यांपैकीं एकाचे आटे झिजले होते. त्याच्या जागीं हा लावला तो बिनतक्रार बसला.

तीस वर्षें मनांत असलेली क्षमा मागण्याची हीच वेळ, असें वाटून मीं तोंड उघडलें. शब्द जुळवीत होतों तोंच तो पाना माझ्या हातीं देऊन म्हणाला, "दादा, हा शेवटचा तूं आवळ."

मीं पाना संवयीनें उजवीकडे फिरविला. तो बोल्ट सैल करूं लागला.

"उलटा," मामेभाऊ हंसत म्हणाला.