पेल्यातली द्राक्षे

नाशिककडच्या काही वाइनरींत जेवणाच्या दर पदार्थाबरोबर निराळी वाइन देतात. पैसे वेगळे. आमचे दाजी वाइनची द्राक्षे लावायच्या विचारात आहेत. त्यांनी विचारले, हा खर्च करावा का?

मी म्हटले, आधी माप विचारा. ७५ मिलिलिटरचे पाच पेले म्हणजे ३७५, अर्धी बाटली. अर्ध्या बाटलीवर जे जास्त मोजाल, ते निवडीचे आणि समजावून सांगणाऱ्याचे. शेनिन ब्लांची किंचित गोडी तिखट शमवते. शिराझचा तुरटपणा तेच भडकवतो. हे पुस्तकात वाचून जिभेला कळत नाही. बाग एकदा उभी केली की वर्षानुवर्षे तिच्याशी संसार. दाजींनी एकदा चाखावेच. ताईने मात्र मठ्ठा घ्यावा. परतताना गाडी तीच चालवणार आहे.