गोट्यांचा डोंगर

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या बाईला कोणी ‘पायऱ्या आहेत, दमशील’ म्हटलं की तिला राग येतो. मोन्सेराटला लेकीने नेमकं तेच म्हटलं.

बार्सिलोनाहून तासाभराची आगगाडी, मग दात्यांच्या रुळावरून कुरकुरत चढणारी छोटी गाडी, की आपण ७२० मीटर उंचीवरच्या मठाच्या दारात. तिथून आणखी वर नेणारी फ्युनिक्युलर १९१८ पासून आहे. ‘तू जा तिने, मी येते चालत,’ म्हटलं. अर्थात तीही चालतच आली.

मठ अकराव्या शतकातला. १८११-१२ साली नेपोलियनच्या फौजेने तो उद्ध्वस्त केला, त्यामुळे आज दिसतं ते बरंचसं बांधकाम नंतरचं. आणि तरी मठामागच्या घळीतून चढणाऱ्या वाटेला नाव आहे ‘फ्रेंचांची खिंड’!

घळीत पहिल्याच उभ्या टप्प्यावर हात सवयीने खडकाकडे गेला आणि थबकला. खडकात गोटे होते. आवळ्याएवढे, नारळाएवढे, राखाडी, तांबूस, नदीत घासून गुळगुळीत झालेले. कंत्राटदाराने काँक्रीट ओतलं आणि गिलावा करायचा विसरला, तसं. आपल्या काळ्या पत्थरावर वाढलेल्या हाताला हे पटेचना. धरलेला गोटाच हातात आला तर? एक ओढून पाहिला, दुसरा ओढून पाहिला. ढिम्म.

‘आई, डोंगर पाडायचाय का?’ लेक म्हणाली. मग तिनेच समजावलं. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. नद्यांनी वाहून आणलेले गोटे त्याच्या काठाशी साचले, चुन्याने एकमेकांना घट्ट सांधले गेले. पुढे जमीन वर उचलली गेली, पाणी भेगांतून झिरपत राहिलं आणि हे गोल माथ्यांचे सुळके सुटे झाले. मोन्सेराट म्हणजे करवतीच्या दात्यांचा डोंगर. मला मात्र करवत दिसेना. उभी धरलेली जाडजूड बोटंच दिसत होती.

माथा, सांत जेरोनी, १२३६ मीटर. शेवटचा टप्पा सिमेंटच्या पायऱ्यांचा, आणि तिथे लेकीचं खरं निघालं. सिंहगडची माती गुडघ्याला सांभाळून घेते, सिमेंटला दयामाया नाही. वर कठड्याला धरून उत्तरेला वाकले तर खाली सरळ कडा. पोटात गोळा आला. दूर पायरेनीजची पांढरी रेघ होती. पण ती पाहायला मान वर करावी लागते, आणि माझी काही वेळ होईना.

उतरून देवीच्या रांगेत उभ्या राहिलो. बाराव्या शतकातली लाकडी मूर्ती, चेहरा आणि हात काळे. लोक तिला लाडाने ‘मोरेनेता’ म्हणतात, म्हणजे सावळी. सावळ्या देवाच्या पायांवर डोकं ठेवायला रात्रभर रांगेत थांबणाऱ्यांना याचं नवल नाही. मूर्ती काचेआड असते. फक्त उजव्या हातातल्या गोळ्यापुरती काच उघडी. प्रत्येकाने त्यावर हात ठेवायचा आणि पुढे सरकायचं. मीही ठेवला. दिवसभर गोटेच चाचपत होते. हा त्यांच्याहून गुळगुळीत लागला.

बाहेर रस्त्याकडेला बायका मध, अंजिरं आणि ‘मातो’ विकतात. मातो म्हणजे बिनमिठाचं ताजं, मऊ चीज, वर मध. खरवसाची आठवण व्हावी असं, पण वेलदोडा नाही. विकणारी बाई मध फार बेताने घालत होती. लेक तिच्याशी कातालानमध्ये काहीतरी बोलली, तशी तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि आणखी एक चमचा ओतला.

‘काय सांगितलंस गं?’

‘माझी आई जाताना-येताना पायीच चालली, म्हटलं.’