मोडीतील अक्षरे

सरकारी वसाहतीत जुन्या वस्तूंच्या शोधात फार दूर जावे लागत नाही; त्या आपल्याच दारावरून जातात. आर. के. पुरममध्ये घर कोणाचेच नसते. नोकरीबरोबर ते मिळते आणि निवृत्तीनंतर ठरल्या मुदतीत रिकामे करून द्यावे लागते. ट्रकमध्ये जे मावत नाही ते कबाड्याच्या हातगाडीवर चढते. तमिळ, बंगाली, मराठी संसार तेथे एकाच तागडीत येतात. २०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर आणि आमच्या शेजारचे मोहम्मदपूर धरून सात सरकारी वसाहती नव्याने बांधण्यास केंद्राने मंजुरी दिली, तेव्हापासून तर ही तागडी फारशी रिकामी राहिलेली नाही.

हौशी मंडळी जुन्या लाकडी सामानासाठी अमर कॉलनीत जातात. तेथे वस्तूला पॉलिश मिळते आणि पॉलिशबरोबर भावही. मला कबाड्याकडचा ढीग बरा वाटतो, कारण तेथे वस्तू अजून कोणाच्या तरी घरातलीच असते.

अशा एका ढिगात मला कडीचा पितळी डबा सापडला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती : एका सौभाग्यवतीचे नाव, पुढे ‘हिस आत्याकडून’, आणि १९३६ हे साल. (नाव येथे देत नाही, त्या घरातले कोणी हयात असेल.) कबाड्याने झाकण उजेडात धरले. लिपी त्याचीच, अक्षर न् अक्षर त्याने वाचले आणि विचारले, “साहब, ये आत्या कौन-सी कंपनी है?” मी म्हटले, बुआ. तो हसला, आणि पितळेच्या भावात नाव घासून देण्याची मजुरी धरणार नाही, असे उदारपणे म्हणाला. दुसऱ्याचे नाव असलेले भांडे गिऱ्हाईक घेत नाही, हा त्याचा अनुभव. त्याच्या हिशेबात ती अक्षरे म्हणजे मालातला दोष होता.

शिलाहारांच्या आणि यादवांच्या ताम्रपटांवर आपण ग्रंथ लिहितो. दाता, प्रतिग्रहीता, दानवस्तू, काळ ही ताम्रपटाची अंगे या झाकणावरही आहेत. शापवचन तेवढे नाही. ते असते तर कदाचित डबा विकला गेला नसता. नवऱ्याच्या नावाची पाटी दारावर लागते, घराचे वाटपपत्र बहुधा त्याच्याच नावाने निघते; त्या बाईचे नाव धातूवर उमटले ते आत्यामुळे. आमच्या वाङ्मयेतिहासांत अशा मजकुराला जागा नाही, याचे मला नवल वाटते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवण्यात आयुष्य घातले आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. परंतु संग्रहालयात वस्तू जाते ती बहुधा घडणीसाठी. माझा डबा अगदीच बाजारू घडणीचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला शंभर वर्षे लागतात. तेवढे वयही त्याला अजून नाही.

पितळ घराबाहेर गेले ते कल्हईमुळे. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतात. स्टीलला ती कटकट नाही. कल्हईवाले दिसेनासे झाले आणि भांडी मोडीत निघाली. मोड म्हणजे वजन. वजनात नाव भरत नाही.

डबा मी नावासकट घेतला. घरी हिने तो चिंचेने घासला, मग माळ्यावरून स्वतःचा तांब्या काढून शेजारी ठेवला. तो तिला बारशाला मिळालेला. त्यावर जे नाव आहे ते लग्नात बदलले; आज तिला त्या नावाने हाक मारणारे कोणीही उरलेले नाही. पुढच्या वर्षी आम्हालाही हे घर सोडायचे आहे. गुडगावच्या मुलीकडे इंडक्शनची शेगडी आहे, तिच्यावर पितळ तापत नाही. डब्यात डाळ भरीन म्हणते. तांब्यात मात्र मनीप्लांट लावणार आहे. हिने होकार दिला आहे. अट एवढीच, की नाव भिंतीकडे करायचे नाही.