चिकटलं की भाव पडला

भंगाराच्या दुकानात मान काट्याचा, आणि त्याच्या खालोखाल लोहचुंबकाचा. भिवंडीत यंत्रमागांची खडखड जिथे ऐकू येते, तिथून ही दुकानं फार लांब नसतात. फुटक्या स्पीकरमधून निघालेली काळी चकती सुतळीला बांधायची आणि ढिगावरून फिरवायची, एवढीच विद्या. खिळे, नटबोल्ट, गंजकी बिजागरी टणकन चिकटतात. पितळी नळ, तांब्याची तार, जर्मनचं पातेलं जागचं हलत नाही. मागाचा लाकडी धोटा हाती आला, तर चकती त्याच्या पोटाला विचारत नाही. दोन्ही टोकांच्या पोलादी टोप्या मात्र लगेच धरते.

ओढीचं कौतुक कवींनी करावं. इथे चिकटलं की भाव पडला. चुंबकाला जे प्यारं, ते ढिगातलं सर्वांत स्वस्त. त्याला दाद न देणारं तांबं महाग.

स्टीलची गंमत आणखी वेगळी. लोखंड चुंबकाला लागतं, निकेलही लागतं. पण लोखंडात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल घालून ३०४ जातीचं स्टील केलं, की अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकाला ते जवळजवळ ओळखच दाखवत नाही. म्हणून भांडी घेताना काही चोखंदळ गिऱ्हाइकं पिशवीतून चुंबक काढतात. मात्र न चिकटणारं सगळंच ३०४ नसतं; मँगेनीज जास्त घातलेलं हलकं स्टीलही तितकंच अलिप्त राहतं.

साध्या लोखंडाला हा आब जमत नाही. त्याच्या आत सूक्ष्म चुंबकांचे असंख्य गट असतात, हे १९०७ साली प्येर वाइस यांनी मांडलं. भिवंडीतल्या तीन बत्तीच्या गर्दीत तोंडं चहूकडे असतात आणि वरातीचा बँड वाजला की सगळी एकीकडे वळतात, तसं चुंबक जवळ येताच या गटांचं होतं. खिळा स्वतःच घटकाभर चुंबक बनतो आणि दुसऱ्या खिळ्याला उचलतो. चुंबक दूर गेला, की मऊ लोखंड बहुतेक सगळं विसरतं. कडक पोलाद लक्षात ठेवतं. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा चुंबकावर घासलेला स्क्रू-ड्रायव्हर पुढे कितीतरी दिवस स्क्रू टोकावर धरून ठेवतो.

मागाखाली रुईचा भुगा साचलेला असतो. त्यात बारीक स्क्रू पडला, तर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. सुतळीची चकती फिरवली, की तो भुग्याची दाढी लावूनच वर येतो. पितळेचा असता, तर जॉबर आडवा पडून चाचपत बसला असता.

आता जुने मागही किलोवर जातात. बिडाच्या चौकटी फुटतात, भंगार भट्टीत पडतं. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला जुमानेनासं होतं, पण तेवढ्याने त्याचा भाव वाढत नाही. थंड होताच ते पुन्हा चिकटतं.

आणि ते स्वस्त आहे, हेच बरं. लोखंड तांब्याच्या भावाने मिळत असतं, तर एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये चार माग टाकून संसार उभा करणं कुणाला परवडलं असतं? भिवंडी उभी राहिली, ती चुंबकाला चिकटणाऱ्या मालावर.