सफोकमधला शीशमहल

आमच्या इतिहासाच्या धड्यात महाराजा दुलीपसिंग जेमतेम दोन ओळींत आटोपतात. १८४९ साल, दहा वर्षांचा मुलगा, गेलेला पंजाब, गेलेला कोहिनूर. आम्ही उर्दू शाळेतली मास्तरमंडळी तेवढे शिकवून पुढचे पान उलटतो. या माणसाने पुढे इंग्लंडात एक घर घेतले, ते धड्यात येत नाही.

सफोक परगण्यातली एल्व्हेडनची १७,००० एकरांची जहागीर त्यांनी १८६३ मध्ये विकत घेतली, तीही इंडिया ऑफिसकडून कर्ज काढून. राज्य ज्यांनी घेतले, घरासाठी हात पसरायचा तोही त्यांच्याचपुढे! बाहेरून इमारत इटालियन वळणाची, विटांची, शेजारच्या लॉर्डांना खटकू नये अशी. आत मात्र जॉन नॉर्टन या वास्तुशिल्पीने भिंतींवर नक्षीदार गिलावा चढवून त्यात काचा जडवल्या. लाहोरच्या किल्ल्यातला शीशमहल शाहजहानच्या काळातला. पुढे रणजितसिंगांनी तो आपलासा केला. मोगलांची ती काच शिखांकडून सफोकच्या पावसापर्यंत पोहोचली. कला हिंदू की मुसलमान, अशी वाटणी करणाऱ्यांनी हा प्रवास एकदा पाहावा.

त्याच वर्षी दुलीपसिंगांच्या आई, राणी जिंदकौर, लंडनमध्ये वारल्या. पंजाबात अंत्यविधी करू दिला गेला नाही. १८६४ मध्ये तो आपल्या नाशिकला, गोदावरीकाठी झाला. नात बंबा हिने १९२४ मध्ये अस्थी लाहोरला नेल्या. आईला लाहोरला नेता आले नाही, त्या मुलाने दिवाणखान्यातच लाहोर उभे केले, यात आम्हाला श्रीमंती थाट दिसत नाही.

१८८६ मध्ये ते हिंदुस्थानाकडे निघाले, तर एडनलाच अडवले गेले. १८९३ मध्ये पॅरिसला वारले. पुढल्याच वर्षी घर गिनेस या दारूवाल्या घराण्याकडे गेले. नव्या मालकाने जुने पाडले नाही, हे त्याचे भलेपण. १८९९ ते १९०३ या काळात विल्यम यंगकडून त्याने तसाच दुसरा भाग बांधून घेतला आणि दोहोंच्या मध्ये हिंदुस्थानी नक्षीचा संगमरवरी हॉल, वर तांब्याचा घुमट. सल्ला द्यायला संग्रहालयातला तज्ज्ञ, कॅस्पर पर्डन क्लार्क. काम देखणे आहे. पण तिथे कुणाला घरची आठवण येत नव्हती.

१९८४ मध्ये लिलावात सामानसुमान विकले गेले. रिकाम्या दालनांत पुढे सिनेमांची चित्रीकरणे झाली. जवळच्या चर्चच्या आवारात दुलीपसिंगांची कबर आहे. तिथे दूरदूरची पंजाबी माणसे येतात. घर मात्र सहसा बंदच असते.