पडद्यावर पाऊस, डोक्यावर वर्तमानपत्र

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी लेकीकडे किंवा भावाकडे मुक्कामाला असाल आणि ऑक्टोबरअखेर तिथल्या आवारात मध्यरात्रीच्या सिनेमाची जाहिरात दिसली, तर मैत्रिणींनो, जरूर जा. फक्त चांगली साडी नेसू नका!

सिनेमाचं नाव ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’. रिचर्ड ओब्रायन यांचं मूळ संगीत नाटक १९७३ साली लंडनला रंगमंचावर आलं, सिनेमा १९७५चा. आधी तो सपशेल आपटला. मग १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि हळूहळू प्रेक्षक पडद्याशी बोलू लागले. पात्रानं वाक्य म्हटलं, की खुर्च्यांतून टोमणा! पुढे हे टोमणे ठरूनच गेले. पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ उधळायचे, पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायचं, डॉक्टरनं रबरी हातमोजे चटकन ओढले की आपणही ओढायचे.

तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा! पण त्याच १९७५ साली आपल्याकडे ‘जय संतोषी माँ’ लागला, तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुलं, पैसे उधळीत, हे आठवतं ना? तिथे देवी होती, इथे जाळीचे मोजे घातलेला, ओठ रंगवलेला शास्त्रज्ञ. (फरक मोठा आहे, मान्य.)

माझ्या रविवारच्या मराठी शाळेत शिकलेला एक मुलगा इथल्या सिनेमा-मंडळात आहे. ‘बाई, पिशव्या भरायला याल?’ म्हणून विचारायला आला. असा खेळ लावायचा म्हणजे नव्वद टक्के घरकामच. सिनेमा दाखवायचा रीतसर परवाना घ्या, सभागृहाच्या अटी पाळा. तांदूळ बंद, कारण पाय घसरतात. पाण्याच्या पिचकाऱ्या बंद, कारण विजेच्या तारा. तांदूळ वाया जाणार नाही म्हणून मला बरंच वाटलं. मग प्रत्येक पिशवीत वर्तमानपत्र, हातमोजे, कागदी टोपी आणि टोस्टचा एकेक तुकडा. टोस्टला लोणी लावायचं नाही बरं का, पुढच्याच्या केसांना लागतं!

दारात पहिल्यांदाच आलेल्यांच्या कपाळावर लाल लिपस्टिकनं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर काढतात. पण आधी विचारून. ‘नको’ म्हटलं की विषय संपला. एवढ्या आरडाओरड्याच्या खेळात ही शिस्त कसोशीनं पाळली जाते, ते मला फार आवडलं.

पडद्यापुढे मुलं तीच पात्रं त्याच वेळी वठवतात. आमचा हा मुलगा डॉक्टर झाला होता. शाळेत धडा वाचताना अडखळणारा तो, उंच टाचांचे बूट, काळी चोळी, डोळ्यांत काजळ घालून आला, तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. त्याची आई माझ्या शेजारीच होती. ‘ताई, हे नुसतं नाटकच ना?’ तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, ‘त्यालाच विचारा, पण आज नको.’ कारण असल्या खेळाला पुष्कळ मुलं अशी येतात, ज्यांना इतर दिवशी आपलं रूप लपवावं लागतं. त्या मुलांना इथे कुणी हसत नाही. हसतात ते पडद्याला. ती गप्पच राहिली. पडद्यावर पाऊस लागला तेव्हा मात्र तिनं वर्तमानपत्र उघडलं, अर्धं माझ्या डोक्यावर धरलं.

खेळ सुटल्यावर झाडलोट मंडळाकडेच असते. दोन वाजून गेले होते. खुर्च्यांखालून टोस्टचा चुरा आणि कागदाच्या भेंडोळ्या निघत होत्या. मुलगा तशाच वेषात झाडू मारायला लागला, तर आई सुपली घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, ‘ते बूट काढ आधी. पाय मुरगळेल.’